वैशूनं न पुसलेला हंगाम

परवा सकाळी चूल पेटवत होते, तर धरणाच्या अंगानं तो आवाज आला. सर्दी झालेल्या हजारभर बदकांनी एकदम भांडण काढावं, तसा. म्हणजे फ्लेमिंगो आले. पुस्तकात त्यांना रोहित म्हणतात म्हणे. आमच्या डाळजमध्ये आता शेंबडं पोरसुद्धा फ्लेमिंगोच म्हणतं, मग मी एकटीनं वेगळं कशाला म्हणू?

शहरातून येणारे लोक त्यांचं फार कौतुक करतात. मला विचाराल तर त्या पक्ष्यात एवढं काही नाही. लांब पाय, वाकडी चोच, आणि दिवसभर पाण्यात उभं राहून डोकं खाली घालायचं. आम्ही परटांनी जन्मभर तेच केलं. आमचे फोटो काढायला कुणी गाडी करून आलं नाही.

पण आवाज ऐकला आणि हातातली काटकी तशीच राहिली. गेल्या वर्षीचा हंगाम आठवला. तो सगळाच्या सगळा, पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत, बारामतीच्या एका पेटीत ठेवलेला आहे. माझ्या नातीनं ठेवलाय. त्याबद्दल लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा लिहिताना मी इकडून तिकडे जाईन. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमच्या घरात आता धुण्याचा धंदा नाही. घरोघरी मशिनं आली, माझे मालक वारले आणि भट्टीची जागा कोंबड्यांनी घेतली. माझा मुलगा दिलीप काही वर्षं लोणी देवकरला कारखान्यात होता. तिथं त्याचा जीव रमेना. मग त्यानं नाव घेतली. हिवाळ्यात लोकांना पक्षी दाखवायचे आणि उरलेलं वर्ष मासे धरणाऱ्यांना नाव द्यायची, असं त्याचं चालतं. त्याची थोरली मुलगी वैशाली, म्हणजे आमची वैशू, बारामतीला कॉम्प्युटरचं शिकते. तिनं कॉलेजच्या कामासाठी ठरवलं की पक्षी आल्यापासून जाईपर्यंत रोज सकाळी बापाच्या नावेत बसायचं आणि शूटिंग करायचं. कुठले पक्षी आले, कुठं बसले, कशानं उठले, सगळं टिपायचं.

त्या दिवसांतल्या सकाळी मला अंगावर अजून जाणवतात. धुकं असं की काठावरची नाव दिसायची नाही, दिलीपचा खोकला तेवढा ऐकू यायचा. चिखलाचा वास, वाळत घातलेल्या मासळीचा वास, आणि वारा फिरला की उसाचं पाचट जाळल्याचा वास. वैशू मफलर गुंडाळून, कॅमेऱ्याची पिशवी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून उतारानं जायची. मी वरून ओरडायची, "अगं, च्या तरी पिऊन जा!" ती मागं न बघता हात हलवायची. च्या नको, असं.

पहिल्या आठवड्यातच तिनं घोळ घातला. दुपारी लॅपटॉपपुढं बसून रडत होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "आज्जी, पक्षी आले त्या पहिल्या दिवसाचं शूटिंग गेलं."

"गेलं म्हंजे? पाण्यात पडलं?"

"न्हाय गं. मीच घालवलं. आवाजात इंजिनाची घरघर लई व्हती, ती साफ केली. चित्रबी उजळ केलं. आणि ज्याचं केलं त्याच्यावरच ठेवलं. आता मूळ न्हाय राहिलं. सर म्हणाले, मूळच पाहिजे."

ही चूक आमच्याच घरात व्हायची. मळलेलं दिसलं की साफ करायचं, आणि साफ झालं की काम संपलं, हेच तिनं लहानपणापासून पाहिलं. घरघर म्हणजे तिला मळ वाटला.

मी स्क्रीनकडे पाहिलं. फायलींच्या नावांची ही रांग. तिनं वाचून दाखवली : फायनल, फायनल दोन, एकदम फायनल, हेच घ्या.

"ह्यातलं घ्यायचं कंचं?" मी विचारलं.

"मलाच कळंना," ती म्हणाली.

मग मी तिला झापलं. म्हटलं, तुझा आजा पाच गावांचे कपडे एका भट्टीत घालायचा, पण एकाचं धोतर दुसऱ्याच्या घरी कधी गेलं नाही. का गेलं नाही? कारण कापड पाण्याला लागायच्या आधी त्याला खूण व्हायची. धुतल्यावर नाही, आधी. बिब्बा घ्यायचा, त्याला सुई टोचायची, टोकाला जो काळा रस येतो त्यानं कापडाच्या आतल्या कोपऱ्यात खूण करायची, वर चुन्याचा हात फिरवायचा. पाटलाच्या घराला दोन टिंबं आणि एक रेघ. मास्तरांना फुली. वाण्याला खालून उघडा गोल. त्या रसाचा थेंब हातावर उडाला तर कातडी उतून यायची. माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे. पण ती खूण कापड फाटेपर्यंत जायची नाही. शंभर धुण्यांनी कापडाचा रंग जायचा, खूण तिथंच. आणि एवढं मोठं गाठोडं उचकायची गरज नाही, कोपरा उलटा केला की कुणाचं ते कळलं.

वैशू रडायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आज्जी, अगदी असंच असतंय. आमाला शिकवलंय, मीच कंटाळा केला."

दोन दिवस ती त्याच उद्योगात होती. मग मला समोर बसवून समजावलं. तिला वाटलं असावं, हिला समजलं तर कुणालाही समजेल. त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. शूटिंग घरी आलं की त्याला हात लावायच्या आधी ते नोंदवायचं. मग कॉम्प्युटर त्या शूटिंगमधूनच एक लांबलचक नंबर काढतो. शूटिंगमध्ये तिळाएवढा बदल झाला तरी नंबर सगळा बदलतो. शूटिंग असतं भलं मोठं, ते लॅपटॉपमध्ये मावत नाही. म्हणून ते आठवड्यातून एकदा बारामतीला नेऊन कॉलेजच्या पेटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरात, ठेवायचं, आणि लॅपटॉपमध्ये त्याच्या जागी एक चिठ्ठी राहते. चिठ्ठीवर तो नंबर. पाहिजे तेव्हा चिठ्ठी दाखवायची आणि पेटीतून मूळ मागवायचं. साफसफाई केली, कापलं, गाणं घातलं, तर ती वेगळी नोंद : कुणी केलं, कधी केलं, का केलं. आधीचं तसंच राहतं.

मी म्हटलं, "म्हंजे तुमची खूण कापडातनंच निघती. आमची वरनं लावावी लागायची. तुमची बरी."

ती इतकी हसली की दिलीप बाहेरून बघायला आला.

त्या दिवसापासून तिची शिस्त बसली. नावेतून आली की कॅमेरा पुसायची, शूटिंग उतरवायची, नोंद करायची, आणि मग जेवायची. नोंदीत दोन-चार ओळी मराठीतच लिहायची आणि मला वाचून दाखवायची. "धुकं होतं. पक्षी उगवतीच्या बाजूला. दोन करकोचे." "वारा. काही दिसलं नाही." मला ते आवडायचं. काही दिसलं नाही तर तसं लिहायची. फुगवायची नाही.

मग संक्रांतीच्या सुमाराला ते झालं.

वैशूनं मध्यंतरी त्या शूटिंगमधला एक तुकडा घेऊन, गाणं घालून, फोनवर सगळ्यांना पाठवला होता. लोकांना आवडला. कुणीतरी त्यातलं अर्धं मिनिट कापलं, वेग वाढवला, आणि खाली लिहिलं : डाळजचे नाववाले फोटोसाठी पक्ष्यांच्या अंगावर नाव घालतात, यांच्यावर बंदी घाला. त्यात दिलीपची नाव स्वच्छ दिसत होती, लाल पट्ट्याची. नाव पुढं, आणि सगळा थवा घाबरून आभाळात. मीही पाहिला. पाहणाऱ्याला खरंच वाटावं असाच होता.

आमच्याकडे पाण्यात बांबूंची एक ओळ आहे, वर लाल फडकी बांधलेली. तिच्या आत इंजिन चालू ठेवून जायचं नाही, नाव बांबूनं रेटायची, असं नाववाल्यांनी आणि वनखात्यानं मिळून ठरवलेलं. त्या व्हिडिओत नाव आत होती, आणि वाढवलेल्या वेगानं इंजिन चालू असल्यासारखी दिसत होती. वनखात्याच्या मॅडम काठावर आल्या आणि म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत ही नाव पाण्यात घालायची नाही.

हंगामाचे ते ऐन दिवस. पण मला नावेपेक्षा दुसरंच लागलं. दिलीप बारा नाववाल्यांत खाली मान घालून उभा होता. माझ्या घरातला माणूस दुसऱ्याचं नुकसान करतो, असं आजवर कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

"मॅडम, इंजिन बंद व्हतं," दिलीप म्हणाला. "मी बांबूनं रेटत होतो. पक्षी माझ्यानं न्हाय उठले. वरनं भोवत्या आला." भोवत्या म्हणजे पाण्यावर फिरणारी शिकारी घार.

"सिद्ध करता येईल?" मॅडमनी विचारलं. बाई सरळ होती, आवाज चढवला नाही.

"मूळ शूटिंग आहे माझ्याकडं," वैशू म्हणाली आणि तिथंच दगडावर बसून लॅपटॉप उघडला. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. तिनं त्या दिवसाची फाइल उघडली, तर पडद्यावर पक्षी नाही, पाणी नाही. नुसत्या तीन ओळी. अक्षरं आणि आकडे.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

"अगं, ह्यात तर गणितच दिसतंय!" हे आमचे नाववाले तात्या. वयानं माझ्याएवढे, जिभेनं दुप्पट. "हौसाबाई, लेकानं पक्षी उडवले ते नातीच्या लॅपटॉपातनंबी उडाले व्हय?"

सगळे हसले. वैशूचं तोंड पांढरं पडलं. मग मीच म्हटलं, "चिठ्ठी हाय ती, तात्या. कापड भट्टीवर हाय." कुणाला कळलं नाही, वैशूला कळलं. तिनं श्वास घेतला आणि मॅडमना नीट सांगितलं : मूळ बारामतीला आहे, इथं नेटला तेवढी ताकद नाही, मी जाऊन आणते.

"त्या एका दिवसाचं नको," मॅडम म्हणाल्या. "तो पूर्ण आठवडा आण. काही न गाळता."

मी तिच्याबरोबर बारामतीला गेले. एकटी गेली असती, पण तिचा चेहरा मला बरा दिसेना. भिगवणहून एसटी मिळाली. कारखाने चालू होते, त्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागं एसटी अर्धा तास रांगत होती, आणि मळीचा गोड-आंबट वास खिडकीतून आत. मी वैशूला विचारलं, "पेटीत असंल ना?" ती म्हणाली, "असायला पाहिजे." मला तो शब्द आवडला नाही.

कॉलेजातली ती खोली थंडगार. मी सवयीनं दारात चपला काढल्या, तिथल्या दोन पोरींनीही मग काढल्या. वैशूनं कॉम्प्युटरला चिठ्ठी दाखवली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. विहिरीतून मोठी बादली वर येताना रहाट कुरकुरतो, तसा तो डबा घरघरत होता. पट्टी भरली. वैशू म्हणाली, "आलं. आता नंबर जुळवायचा. कॉम्प्युटर आपलं आपण जुळवतंय, पण मला डोळ्यानं बघायचंय."

तिनं चिठ्ठीचा नंबर कागदावर छापून माझ्या हातात दिला, आणि तोच नंबर पडद्यावर. चौसष्ट अक्षरं. मला इंग्रजी येत नाही, आकडे तेवढे येतात. पण खूण वाचायची नसते, जुळवायची असते. कागदावर एक बोट, पडद्यावर एक बोट. पोटाचा गोल, उघडा गोल, सात, मग काठीला उजवीकडं पोट, चार, नऊ. एक एक आकार सरकत गेले. असं मी हजारो कोपरे जुळवलेत. शेवटच्या आकाराला आले तेव्हा माझ्या पाठीला रग लागली होती.

"जुळलं," मी म्हटलं.

त्या दोन पोरींतली एक म्हणाली, "आज्जी, आम्हीसुद्धा एवढं बघत नाही."

"म्हणून तर तुमचं फायनल दोन व्हतं," मी म्हटलं.

मग शूटिंग पाहिलं. गाणं नाही, वेग नाही. इंजिन बंद. पाण्याची चुळबुळ आणि बांबू चिखलातून उपसल्याचा चुळुक आवाज, तोच, जो वैशूनं गाणं घालताना काढून टाकला होता. दिलीप उभा, नाव जागची फारशी हलत नाही. आणि डाव्या कोपऱ्यातून भोवत्या आला, पंख न हलवता, थेट थव्यावर. मग सगळे उठले. गुलाबी, पांढरं, काळं, सगळं एकदम वर. दिलीपनं मान वर केली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "च्यायला, आला का ह्यो!" ते पण आलं होतं. खोलीत सगळ्या हसल्या. मीही.

पण वैशू हसली नाही. म्हणाली, "आज्जी, ह्याच आठवड्यात अजून एक हाय."

तिनं दुसरं लावलं. त्याच्या दोन दिवस आधीचं. त्यात इंजिन चालू होतं. नावेत चार गिऱ्हाइकं, त्यातला एक ओरडतोय, "दादा, जवळ, अजून जवळ!" लाल फडक्याचा बांबू नावेच्या बाजूनं मागं गेला. पक्षी उठले. इथं भोवत्या नव्हता. दिलीपच होता.

खाली वैशूची त्या दिवशीची नोंद. तिनं वाचली : "पप्पांनी खुणेच्या आत नाव घेतली, इंजिन चालू. पक्षी उठले आणि पलीकडे गेले. अर्धा तास परत आले नाहीत."

"हे तू तवाच लिहिलंस?"

"तवाच."

परत येताना एसटीत मी विचार करत होते. विचार कसला, मनाशी ठरवलं होतं.

घरी आल्यावर दुपारी तिघं बसलो. वैशूनं दिलीपला दोन्ही दाखवलं. पहिलं बघून तो उठून उभा राहिला, मांडीवर थाप मारली. दुसरं बघून खाली बसला. म्हणाला, "वैशू, तेवढं काढून टाक. एकच तर हाय. बाकी सगळं दाखव."

वैशूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढ. खोटं थोडंच बोलतोय आपण? ज्याचा आळ हाय त्याचं खरं दाखवतोय. दुसरं कुणी विचारलंय?"

"मॅडमनी पूर्ण आठवडा मागितलाय. न गाळता."

"त्यांना काय कळतंय?"

"काढलं की काढल्याचं दिसतंय, आज्जी. नोंदीत राहतंय." मग म्हणाली, "आणि दिसलं नसतं, तरी मी काढलं नसतं."

"बापापेक्षा पक्षी जवळचे झाले व्हय तुला?" दिलीप म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान खाली गेली नाही. "पप्पा, एक काढलं तर दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवंल? तुमचं खरं हाय ते, ते बी खोटं व्हईल."

मी उठून बाहेर आले. जुन्या धुण्याच्या दगडावर बसले. तिथं बसल्यावर मला जे आठवलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहिते, मालक नाहीत, ज्यांच्याबद्दल आहे ते घरही गाव सोडून गेलं.

माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका घरचा लग्नातला शालू इस्त्रीला आला होता. कोळशाची इस्त्री. ठिणगी उडाली आणि शालूला मसुरीएवढं भोक पडलं. मी कुणाला सांगितलं नाही. भोक आतल्या घडीत घालून, वरून झकास कडक इस्त्री करून शालू परत दिला. पुढच्या सणाला त्यांनी उलगडला, आणि आळ आला त्यांच्या नव्या सुनेवर. चुलीपाशी शालू नेसून बसली आणि जाळला, म्हणून तिला सासू बोल बोल बोलली. मी तिथंच ओट्यावर धुणं मोजून घेत होते. सगळं ऐकलं. मोजत राहिले. ती पोर माझ्याएवढीच होती.

आमच्या खुणेचं मी एवढं कौतुक सांगते. पण खूण फक्त कापड कुणाचं ते सांगते. त्याला भोक कुणी पाडलं, ते सांगत नाही. ते माणसानं सांगावं लागतं, आणि मी सांगितलं नाही. माझ्या घरातली वीस वर्षांची पोर सांगत होती, आणि मी तिला घडी कशी घालायची ते शिकवत होते.

आत गेले. दिलीपला म्हटलं, "दाखवू दे तिला. सगळं."

"आत्ता तर तू म्हणालीस..."

"मगाशी मी चुकीचं बोलले. आता बरोबर बोलते. दाखवू दे."

मॅडमनी काठावरच, त्याच दगडावर बसून सगळा आठवडा पाहिला. नाववाले मागं उभे. पहिल्या शूटिंगला तात्यासुद्धा म्हणाले, "हां, भोवत्याच की!" मग दुसरं लागलं. मॅडमनी त्याची नोंद वाचली आणि वैशूला विचारलं, "हे तू लिहिलंस? वडिलांच्या विरुद्ध?"

"विरुद्ध न्हाय, मॅडम. झालं ते लिहिलं."

मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं. फिरत असलेला व्हिडिओ खोटा आहे, तसं त्या लेखी देतील. पण खुणेच्या आत इंजिन नेलं, त्यासाठी ही नाव आठ दिवस काठावर राहील. दिलीप म्हणाला, "बरं, मॅडम." त्यानं सबब सांगितली नाही. गिऱ्हाइकावर ढकललं नाही. मी त्याच्याकडे बघत होते.

तात्या मात्र गप्प बसतील तर ते तात्या कसले? "हौसाबाई, नातीनं बापालाच धुतला की हो!"

"धंदाच हाय आमचा, तात्या," मी म्हटलं. "तुमचंबी असंल तर आणा."

ते आठ दिवस घरात जड गेले, हे खोटं कशाला बोलू? दिलीप नावेच्या फळ्यांना डांबर लावत बसायचा. लेकीशी बोलायचा नाही. ती दुसऱ्याच्या नावेतून शूटिंगला जायची, यायची, नोंद करायची, जेवायची. सून दोघांची ताटं एकदम वाढायची आणि दोघं वेगवेगळ्या भिंतींकडे बघून जेवायचे. पाचव्या दिवशी तो तिच्यापाशी जाऊन बसला. "दाखव बघू, त्या दिवशी मी कितपत आत गेलो व्हतो." तिनं लावलं. त्यानं दोनदा पाहिलं. मग म्हणाला, "लई आत गेलो व्हतो की गं." ती म्हणाली, "व्हय पप्पा." एवढंच. पण मग दोघं एकाच भिंतीकडे बघून जेवले.

आणि सातव्या दिवशी तात्या घरी आले. टोपी काढून हातात घेतली, म्हणजे काम होतं. "पोरगी हाय का? तिला म्हणावं, माझ्या नावेतबी बस दोन दिवस. माझं बी ठेव त्या पेटीत. उद्या कुणी काय बोललं तर दाखवायला बरं."

"सगळं ठेवती ती," मी म्हटलं. "बरं तेवढंच न्हाय ठेवत."

तात्यांनी टोपी दोनदा फिरवली. "मग मला आता नीट नाव चालवावी लागंल म्हण की!"

हंगाम संपेपर्यंत तिनं बाराही नावांतून शूटिंग केलं. मार्चमध्ये पक्षी गेले त्या दिवसाची नोंद तिनं मला वाचून दाखवली : "आज कुणी नाही. पाणी मोकळं." कॉलेजात तिचं कौतुक झालं, तिच्या सरांनी माझ्याशी फोनवर बोलून सांगितलं की पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, हुशार पुष्कळ असतात. ते हो म्हणाले. मी तिच्या तोंडावर तिचं कौतुक कधी केलं नाही, आमच्यात ती पद्धत नाही. इथं करते. मला तिचा अभिमान आहे. शिकली म्हणून नव्हे, कॅमेरा आहे म्हणून नव्हे. मी जिथं घडी घातली तिथं तिनं उलगडून ठेवलं, आणि स्वतःच्या बापाच्या समोर.

काल ह्या वर्षीची पहिली गिऱ्हाइकं आली. नवरा, बायको आणि मोठाली नळी असलेला कॅमेरा. नावेत जागा होती, दिलीप म्हणाला, आई, चल. इतकी वर्षं पाण्याकाठी काढली, पण नावेत बसायला मला कधी सवड झाली नव्हती. बसले. ऊन कोवळं होतं, गार वारा कानात शिरत होता. वैशू माझ्या शेजारी. लांबवर गुलाबी रेघ दिसायला लागली, मग ती हलायला लागली, मग तिला पाय फुटले.

"दादा, जरा जवळ घ्या," तो गिऱ्हाईक म्हणाला. "आणि थोडं उडवता आले तर बघा. उडतानाचा फोटो पाहिजे."

लाल फडक्याचा बांबू अजून चांगला वीस हात पुढं होता. दिलीपनं वाकून इंजिन बंद केलं, बांबू उचलला आणि चिखलात टेकवला.

"अहो, कोण बघतंय इथं?" गिऱ्हाईक म्हणाला.

"उडायचं तवा ते उडतील," दिलीप म्हणाला. "तुमी बसा निवांत."

वैशूचा कॅमेरा तेव्हा पिशवीत होता, आणि पिशवी माझ्या मांडीवर.